मोटार अडली, तरी शाळा अडू नये

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. धर्माबादच्या बाजारात मिरची न्यायची, नातीला शाळेत सोडायचं, सारं तिच्यावरच. पण ऐन दहावीच्या परीक्षेत ती रुसली. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌टक्. पेपर ११ वाजता, हजेरी साडेदहाला. पोर रडकुंडीला आली. शेजाऱ्याच्या फटफटीवरून तिला कसंबसं पोचवलं.

असं का झालं? बॅटरीतल्या विजेने इंजिन सुरू होतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली, की वीज पुढे जात नाही. मिस्त्रीने आधी उणे खुणेची तार सोडली, मग दुसरी. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोकं धुतली, कोरडी केली, तारा घट्ट आवळल्या. मोटार लगेच सुरू झाली!

आता आम्ही मोटार आदल्या संध्याकाळीच सुरू करून पाहतो. रात्री तिचे दिवे विझवले ना, तेही बघतो. दिवा चालू राहिला तर बॅटरी उतरते.

शिवाय एस.टी.ची वेळ भिंतीवर लिहिली आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास फुकट मिळतो. तो नातीने काढला आहे.

मंडळी, मोटार असली तरी दुसरी वाट आधीच पाहून ठेवा.