बंद करून चालू कर

लांज्यात ढग गडगडू लागले की घराघरांतून एकच धावपळ उडते. टीव्हीचा प्लग काढ, फ्रिजचा काढ, टेलिफोनची तार काढ! टेलिफोनच्या तारा जोडण्यात नि दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. विजेने जळालेली यंत्रे मी ढिगाने पाहिली. त्यामुळे ही शिस्त आमच्या घरात जरा जास्तच कडक होती. पुढे इंटरनेटचा मोडेम आला तेव्हा तिला मी एक पुस्ती जोडली : रात्री झोपताना मोडेम बंद करायचा, आणि दिवसा तो रेंगाळू लागला तर बंद करून पुन्हा चालू करायचा. आमची धाकटी लग्न होऊन इंग्लंडला गेली ती लोणच्याच्या बरणीबरोबर ही शिस्तही घेऊन गेली. तिथे त्या शिस्तीने काय घोटाळा केला, त्याची ही हकीकत.

2020 चा नोव्हेंबर होता. कोरोनामुळे येणेजाणे जवळजवळ बंद. माझी आई तेव्हा एक्याण्णव वर्षांची. कानांनी तिला कधीच दगा दिलेला. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणे ओळखायची. रात्री आठाला, म्हणजे तिकडच्या दुपारी अडीचला, नात पडद्यावर दिसायची. आईचा सारा दिवस त्या आठच्या ठोक्याकडे डोळे लावून सरायचा. आणि नेमके दिवाळीच्या सुमारास चित्र थिजू लागले. आवाज तुटकतुटक येई, पण त्याचा आईला काय उपयोग?

"पोरीचा तोंड हलत नाय," आई म्हणाली. मग जरा वेळाने, "रागावली काय रे माझ्यावर?"

आमच्याकडे तोवर काचतंतूची लाइन आली होती. दोष इकडचा नव्हता. लेकीचे घर मात्र खेड्यातले, केंद्रापासून लांब, आणि इंटरनेट जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनीवरचे. मी तिला तत्परतेने सल्ला दिला, "बंद करून चालू कर." तिने केले. दिवसातून चारचार, पाचपाच वेळा केले. उन्हाळ्यात नऊ मेगाबिट मिळत होते, ते सात झाले, मग साडेपाच. वर चढणारी वाट तर आधीच अरुंद, एका मेगाबिटच्या आतबाहेरची. तीवर नवराबायको दोघांचे घरबसल्या ऑफिस. तिने कंपनीला कळवले. त्यांनी दुरून चाचणी घेऊन लाइन ठीक असल्याचे सांगितले.

अखेर मी तिला मोडेमच्या आतल्या पानाचा फोटो पाठवायला सांगितले. त्यावर एक आकडा होता : नॉइज मार्जिन, 15 डेसिबल. तो पाहिला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नेहमी तो 6 च्या आसपास असतो.

आता थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे. टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीत आपले बोलणे अगदी खालच्या 4 किलोहर्ट्झमध्ये मावते. त्याच्या वर, 2200 किलोहर्ट्झपर्यंत, इंटरनेटसाठी पाचशे बारीक वाटा पाडलेल्या असतात. खरखरीच्या वर संदेश जितका उंच, तितके जास्त बिट त्या वाटेवर लादता येतात. खरखर अचानक वाढली तर पडझड होऊ नये म्हणून थोडी उंची राखून ठेवतात. तेच हे मार्जिन. ही राखीव उंची 3 डेसिबलने वाढवली की प्रत्येक वाटेवरचा साधारण एक बिट कमी होतो. 6 चे 15 झाले म्हणजे प्रत्येक वाटेवरून तीन बिट उतरवले! नवाचे साडेपाच का झाले, ते तिथेच उलगडले.

पण हे केले कोणी? इंग्लंडात अशा लाइनींवर एक स्वयंचलित देखरेख असते. लाइन किती वेळा तुटली, किती चुका झाल्या, याची ती रोज नोंद ठेवते. लाइन डळमळीत वाटली की मार्जिन वाढवते. शिवाय माहितीची सरमिसळ करून पाठवू लागते. म्हणजे कसे? एका झाडाचे आंबे एकाच पेटीत न भरता सगळ्या पेट्यांत वाटून टाकावेत. एखादी पेटी घाटात पडली तरी प्रत्येक झाडाचे चारदोनच नासतात. भरायला मात्र वेळ लागतो. ही देखरेख शिक्षा करते झटपट आणि माफी देते सावकाश. आमचा लाइनमन असता तर त्याने दारात येऊन विचारले असते, "काय हो, बटण कोण सारखे दाबते?" यंत्राला तार जॉइंटमध्ये तुटली की माणसाच्या बोटाने, हे नीट उमगत नाही. माझ्या लेकीचे बोट, आणि त्यामागची अक्कल माझी.

तरीही मूळ खरखर कुठून आली हा प्रश्न उरलाच होता. भिंतीवरच्या मुख्य सॉकेटचा खालचा अर्धा भाग दोन स्क्रू काढून सुटतो. आत चाचणीसाठी दुसरे सॉकेट असते, थेट बाहेरच्या लाइनीला जोडलेले. मोडेम तिथे लावल्यावर चुका बऱ्याच घटल्या. म्हणजे दोष घरातल्या तारांत! आमच्याकडे टेलिफोनला दोन तारा. तिकडच्या जुन्या घरांत घंटेसाठी तिसरी तार आतल्या खोल्यांपर्यंत नेलेली असते. ती अँटेनासारखी खरखर गोळा करते. जावईबापूंनी ती सोडवली. हात थरथरत होते बिचाऱ्यांचे, मी इकडून व्हिडिओवर ओरडत होतो!

तेवढ्याने पुरते भागले नाही. संध्याकाळी चुका पुन्हा वाढत. मला आठवले, आमच्या घरी मिक्सर लागला की रेडिओ कसा खरखरतो ते. तिला म्हटले, "मध्यम लहरींचा रेडिओ मिळव. कुठलेच केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेव आणि घरभर हिंड." शेजारणीकडून तिने रेडिओ आणला. खिडकीशी येताच तो किंचाळला. दिवाळीसाठी टांगलेली दिव्यांची माळ! माळेचा नव्हे, तिच्या स्वस्त अडॅप्टरचा दोष होता. अडॅप्टर बदलला आणि खिडकी गप्प झाली.

यापुढचे काम सगळ्यांत अवघड : काहीच न करणे. दिवसा नाही, रात्री नाही, मोडेमला हात लावायचा नाही. स्विचवर चिकटपट्टी लावली, तरी पहिल्या आठवड्यात जावईबापू एकदा सवयीने बंद करून मोकळे झाले. अकराव्या दिवशी मार्जिन 12 वर आले, आणखी पंधरवड्याने 9 वर. पूर्वीचे नऊ मेगाबिट काही परत आले नाहीत. आठाच्या जवळ गाडी थांबली, आणि ते पुरेसे होते.

मार्गशीर्षातल्या एका रात्री आईने पडद्याकडे वाकून पाहिले. नात काहीतरी सांगत होती. आई तिच्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिकडं बर्फ पडला म्हणता ती."