माल्टाचं बिझनेस क्लास तिकीट: पैसे भरण्याआधी मोबाईलवर काय तपासाल?

घरात मोठा प्रवास ठरला की तिकीट बघायचं काम हमखास तुमच्याकडे येतं, कारण मोबाईल तुम्हाला जमतो. आई-बाबांना एकदा आरामात युरोप दाखवायचाय, म्हणून सगळ्यांनी मिळून बिझनेस क्लासचे पैसे जमवलेत आणि ठिकाण ठरलंय भूमध्य समुद्रातलं माल्टा. आकडा लाखांत जातो. अशा वेळी ॲपमध्ये ‘बिझनेस’ निवडून सगळ्यात स्वस्त पर्यायावर टॅप केलं, तर गडबड होऊ शकते. कारण ‘बिझनेस’ हे तिकिटाच्या वर्गाचं नाव आहे. सीट कशी मिळेल, हे त्या शब्दातून कळत नाही.

एकच नाव, वेगवेगळ्या सीट

मुंबईहून माल्टाला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं. समजा तुम्ही लुफ्थान्साने फ्रँकफर्टमार्गे निघालात. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण नऊ तासांचा टप्पा. इथे मोठं विमान असतं आणि सीट पूर्ण आडवी होते, म्हणजे चक्क झोपता येतं. पुढचा फ्रँकफर्ट ते माल्टा टप्पा अडीच तासांच्या आसपास. त्यावर एअरबस ए३२० सारखं छोटं विमान असतं. त्यात बिझनेस क्लासची सीट इकॉनॉमीसारखीच असते. तिघांच्या रांगेतली मधली सीट रिकामी ठेवतात आणि मागे पडदा लावतात. जेवण, लाउंज, जादा सामान हे सगळं मिळतं, पण पाय पसरायला जागा तेवढीच.

ही फसवणूक नाही. युरोपातल्या बहुतेक कंपन्या छोट्या अंतरावर हाच बिझनेस क्लास विकतात. माल्टाची स्वतःची केएम माल्टा एअरलाइन्ससुद्धा तेच करते. त्यामुळे नंतर तक्रार करून काही मिळत नाही. जे बघायचं ते आधीच बघायचं.

गूगल फ्लाइट्सवर कसं तपासायचं?

१. प्रवासाचा वर्ग ‘बिझनेस’ निवडा. विमानतळाचा कोड नीट वाचा. माल्टाचा कोड एमएलए आहे, तर मालदीवच्या मालेचा एमएलई. एका अक्षराच्या फरकाने तुम्ही भलत्याच समुद्रात पोचाल!

२. आवडलेला पर्याय उघडून खाली बघा. प्रत्येक टप्प्यासाठी विमानाचं मॉडेल आणि बहुतेक वेळा सीटचा प्रकारही दिलेला असतो. ‘लाय फ्लॅट’ म्हणजे पूर्ण आडवी होणारी सीट. ‘अँगल्ड फ्लॅट’ म्हणजे सरळ होते, पण उतार राहतो आणि झोपेत माणूस खाली घसरतो.

३. प्रत्येक टप्प्याचा वर्ग वेगळा वाचा. काही स्वस्त पर्यायांत एक टप्पा बिझनेस आणि दुसरा इकॉनॉमी असतो.

४. मग विमान कंपनीच्या ॲपवर जाऊन तीच फ्लाइट शोधा आणि सीटचा नकाशा बघा. १-२-१ मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं. एमिरेट्सच्या जुन्या बोईंग ७७७ मध्ये बिझनेस क्लास २-३-२ असा आहे, म्हणजे तिथेही मधली सीट असते. नूतनीकरण झालेल्या विमानांत तो १-२-१ आहे. कंपनी एकच, पण विमानानुसार फरक पडतो.

‘डायरेक्ट’ म्हणजे ‘नॉनस्टॉप’ नाही

एमिरेट्सचं दुबईहून माल्टाला जाणारं विमान वाटेत सायप्रसमधल्या लार्नाकाला थांबतं. फ्लाइट नंबर मात्र एकच. अशा फ्लाइटला ‘डायरेक्ट’ म्हणतात. न थांबता जाते ती ‘नॉनस्टॉप’. म्हणून नुसते तास न मोजता थांबे पण मोजा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एक जादा उतरणं-चढणं महागात पडतं.

मार्ग ठरवताना व्हिसाही लक्षात ठेवा. माल्टा शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशनची रांग फ्रँकफर्टलाच लागते, म्हणून दोन फ्लाइटमध्ये पुरेसा वेळ ठेवा. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर हे काम माल्टाला उतरल्यावर होतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. व्हिसा हातात नसताना रिफंड न मिळणारं तिकीट घेऊ नका. बिझनेस क्लास आहे म्हणजे पैसे परत मिळतीलच, असं अजिबात नाही. स्वस्त बिझनेस भाड्यांवर रद्द करण्याचे नियम कडक असतात. ‘फेअर रूल्स’ उघडून वाचा.

पैसे भरताना

भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी तिकिटावर ५% आणि त्यावरच्या वर्गांवर १८% जीएसटी आहे. म्हणून पहिल्या स्क्रीनवरच्या आकड्यांची तुलना करू नका, शेवटच्या स्क्रीनवरच्या एकूण रकमेची करा. परदेशी वेबसाइटवर युरोत पैसे भरले तर अनेक कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क लागतं, तेही हिशोबात धरा.

पैसे वाचवायला दोन टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर घेण्याचा मोह होतो. पण पहिली फ्लाइट उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. आई-बाबा एकटे जाणार असतील तर इथे काटकसर नकोच.

ऐनवेळी इकॉनॉमीत बसवलं तर?

बिझनेसचं तिकीट असताना खालच्या वर्गात बसवलं, तर युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार अंतर बघून त्या टप्प्याच्या भाड्याचे ३०, ५० किंवा ७५% पैसे सात दिवसांत परत मिळायला हवेत. युरोपीय संघातून निघणाऱ्या सगळ्या फ्लाइटना हा नियम लागतो. भारतातून तिकडे जाताना मात्र विमान कंपनी युरोपीय संघातली असेल तरच. बोर्डिंग पास जपून ठेवा, दावा करताना लागतो.

शेवटी एक सोपा हिशोब. बिझनेस क्लासचे जादा पैसे खरे वसूल होतात ते लांबच्या, रात्रीच्या टप्प्यावर. दोन पर्यायांची किंमत जवळपास सारखी असेल, तर ज्यात जास्त तास आडवं झोपता येईल तो घ्या. बुक करण्याआधी विमानाचं मॉडेल, सीटचा नकाशा आणि रद्द करण्याचे नियम, या तिन्हींचे स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाका. पैसे सगळ्यांचे आहेत, तर कशाचे भरतोय हेही सगळ्यांना दिसू दे.