चाकं थांबत नाहीत? आधी घड्याळ बघा
शिकागोच्या मिल्स कंपनीचं जुनं, हँडलवालं स्लॉट मशीन सेकंडहँड घेतलंत आणि चाकं फिरतात पण वेळेवर थांबत नाहीत? लगेच भंगारात काढू नका. आत सगळा खेळ स्प्रिंगांचा. कुठलं चाक कधी थांबवायचं ते छोटं घड्याळ ठरवतं, आणि त्यातलं जुनं वंगण गोंदासारखं घट्ट होतं. घड्याळ सोडवून सॉल्व्हंटमध्ये धुवा, आसांच्या टोकांना थेंबभर पातळ तेल द्या; घड्याळातला छोटा पंखा सहज गरगरला पाहिजे. हँडलवर जोर अजिबात नको, मुख्य स्प्रिंगपाशी बोटं सांभाळा!

तीन चाकं, प्रत्येकावर 20 जागा, म्हणजे 8000 जुळण्या. म्हणून दुरुस्तीनंतरच्या चाचणीत जॅकपॉटची वाट बघू नका. 😄

कायद्याचंही बघा: कॅलिफोर्नियात 25 वर्षांहून जुनं मशीन घरी ठेवता येतं; अमेरिकेतल्या बाकी राज्यांत नियम वेगळे असू शकतात.