रिकाम्या खोक्याचा आसरा

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव आज खारघरच्या उंच इमारतींनी वेढले गेले आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि या पट्ट्यातील भातशेती हळूहळू नव्या शहरात विरून गेली. खारघरच्या डोंगरावरून कोसळणारा आषाढातील पाऊस मात्र पूर्वीसारखाच आहे.

शेतीबरोबर दोन जुने व्यवसायही मावळले. नांगर, जू आणि बैलगाडीची चाके घडविणाऱ्या सुताराचे काम संपले. भाताच्या खळ्यावर रात्र जागविणाऱ्या कुत्र्याचीही राखण संपली. सुताराची मुले अन्य उद्योगांत स्थिरावली. कुत्रा मात्र होता तिथेच राहिला. मुलांच्या मागे धावणे, पुढचे पाय जमिनीला टेकवून शेपूट हलवीत खेळाचे आमंत्रण देणे, कोणाची तरी चप्पल पळवून नेणे, एवढाच आता त्याचा दिनक्रम उरला आहे.

हा खेळकर जीव किती निराधार आहे, याची जाणीव ऑगस्ट २०१७ मध्ये साऱ्या जगाला झाली. ओव्यापासून फार दूर नसलेल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसू लागले. अन्नाच्या शोधात कासाडी नदीच्या पाण्यात उतरलेल्या या प्राण्यांच्या अंगावर रंगद्रव्य बसले होते. प्राणिमित्रांनी तक्रार केली, तेव्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली.

अशा जिवासाठी घरातला माणूस काय करू शकेल? पोळीचा तुकडा घालणे सोपे. पावसाळ्यात कोरडी जागा मिळवून देणे कठीण. सुतारकामाचा छंद इथेच उपयोगी पडतो. सामग्रीही व्यापाऱ्याच्या दारीच असते. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून परदेशी मालाबरोबर आलेली लाकडी खोकी आणि पॅलेट या भागातील गोदामांत साचत आली आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांची अखेर सरपणातच होते. त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही.

फळी निवडताना तिच्यावरील शिक्का वाचावा. गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी 'एचटी' ही अक्षरे असल्यास ते लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असल्यास त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. असे लाकूड घेऊ नये. तेलाचे वा रसायनाचे डाग असलेली फळीही बाजूला ठेवावी. करवत लावण्यापूर्वी प्रत्येक फळी उलटून पाहावी. मुंग्या वा वाळवी असल्यास ती तशीच सोडून द्यावी. यतना म्हणजे तरी दुसरे काय?

मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याला साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच पेटी पुरते. तळ जमिनीपासून चार-पाच इंच वर असावा. इकडचा पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून तोंड पूर्वेला ठेवावे आणि दार मध्यभागी न ठेवता एका कडेला काढावे. छप्पर उतरते, दाराच्या पुढे आलेले आणि साफसफाईसाठी उचलता येईल असे असावे. कडा रंध्याने आणि काचकागदाने गुळगुळीत कराव्यात. स्क्रूची डोकी लाकडात बुडवावीत. खेळकर कुत्रा फळी चावणारच, म्हणून आत रंग देऊ नये. बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचा हात पुरे. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून ठेवू नये. ती आपोआप पेट घेऊ शकते. आत भुशाऐवजी गोणपाट अंथरावे. लाकडाची धूळ माणसाच्या फुप्फुसांनाही अपायकारक असते, म्हणून काम करताना नाकावर रुमाल वा मुखपट्टी हवी.

पेटी कोठे ठेवायची, हा प्रश्न सुतारकामाइतकाच महत्त्वाचा आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा जिने, इमारतीची प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी लागते. हाच विचार आसऱ्यालाही लागू पडतो. शेजाऱ्यांची संमती घेऊन, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झालेल्या कुत्र्यासाठीच आसरा उभारणे श्रेयस्कर. कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे, हे घरातील लहानमोठ्या सर्वांना ठाऊक असावे. शेजाऱ्याच्या मनात भीती ठेवून केलेली दया अपुरीच राहते.

पांजरापोळांना देणगी देण्याची व्यापारी घराण्यांची परंपरा मोठी आहे. तिला हाताच्या श्रमाची जोड मिळाली, तर आजोबांच्या मांडीशी बसलेला नातू गुण्या धरायला शिकेल, फळी मोजायला शिकेल आणि मुक्या जिवाची गरज ओळखायलाही शिकेल. चार फळ्यांचा तो सांधा कदाचित थोडा वाकडा येईल. पावसाच्या रात्री आत शिरून अंग मुडपून झोपणाऱ्याची त्याबद्दल काहीच तक्रार नसेल.