टाकाऊ कागदांचा कवि

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या नातवानें व त्याच्या दोघां मित्रांनीं स्वतःच्या कवितांची एक चोवीस पानांची वही छापली. 'छापली' म्हणणें थोडें अतिशयोक्तीचें होईल. कोपऱ्यावरच्या दुकानांत झेरॉक्स काढून व घरींच दोऱ्यानें शिवून त्यांनीं पन्नास प्रती सिद्ध केल्या. प्रत्येक प्रतीचें मुखपृष्ठ निराळें. कोठें एस्. टी.चें तिकीट, कोठें चहाच्या पुड्याचा कागद, कोठें आमच्याच घरच्या जुन्या लग्नपत्रिकेवरील गणपतीचें अर्धें मस्तक, असें कांहींबाहीं कापून डकविलेलें. मीं ती वही हातांत घेतली, मास्तरकीच्या खोडीप्रमाणें आधीं ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या आणि मग म्हणालों, "अरे, प्रकाशक मिळत नाहीं म्हणून ही केराची टोपली लोकांच्या माथीं कां मारतां?" मुलगा कांहींच बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र एका जर्मन कलावंताविषयींचें पुस्तक माझ्यापुढें ठेवून म्हणाला, "आजोबा, एवढें वाचा, मग बोला."

कुर्ट श्विटर्स हा हानोव्हर शहरचा. जन्म १८८७ चा. ड्रेस्डेनच्या कलाशाळेंत त्याचें रीतसर शिक्षण झालें होतें, आणि निसर्गदृश्यें व व्यक्तिचित्रें तो शेवटपर्यंत काढीत असे. तेव्हां हाताला वळण नव्हतें म्हणून कातर धरली, असा आक्षेप त्याच्यावर घेतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत जी मोडतोड झाली, तींतून त्यानें ट्रामचीं तिकिटें, पाकिटें, वेष्टणें, तारांचे व लांकडांचे तुकडे वेंचले आणि ते चिकटवून, खिळ्यांनीं ठोकून चित्रें बनविलीं. या प्रकारास 'कोलाज' म्हणतात; चिकटविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो शब्द आला आहे. अशाच एका चित्रांत एका पेढीच्या जाहिरातीचा तुकडा होता. तिच्या नांवांतील 'कोमेर्त्स' या शब्दाचा आरंभ कातरीखालीं जाऊन 'मेर्त्स' एवढेंच उरलें. १९१९ सालीं त्या निरर्थक शेषालाच त्यानें आपल्या सर्व उद्योगाचें नांव करून टाकलें. चित्र तें मेर्त्स, कविता ती मेर्त्स, पुढें निघालेलें मासिकही मेर्त्स!

त्याच वर्षीं त्याची आन्ना ब्लूमे नांवाच्या स्त्रीस उद्देशून लिहिलेली प्रेमकविता प्रसिद्ध झाली. तींत त्यानें सर्वनामांच्या विभक्ति जाणूनबुजून मोडल्या आहेत. (माझ्या वर्गांत असता तर बाकावर उभा राहिला असता.) हानोव्हरच्या रस्त्यांतील जाहिरातींच्या खांबांवर ती कविता भिंतपत्रकासारखी लावण्यांत आली. लोक हंसले, चिडले, आणि पुस्तक खपलें.

'मेर्त्स' हें नियतकालिक १९२३ पासून १९३२ पर्यंत निघालें. नियत असें अर्थात् नांवापुरतेंच. सवड व पैसा जुळेल तेव्हां अंक. १९२५ चा एक अंक तर कागदाचा नव्हताच. ती ग्रामोफोनची तबकडी होती! त्याच वर्षींच्या दुसऱ्या अंकांत मुलांसाठीं बुजगावण्याची गोष्ट आहे, आणि ती चित्रांवांचून सचित्र आहे. छापखान्यांतील खिळेच उलटे, तिरपे, लहानमोठे जुळवून त्यांतून पात्रें उभीं केलीं आहेत. अक्षराला असे हातपाय फुटलेले पाहून जन्मभर खडूनें अक्षरें गिरविणाऱ्या मला फार मौज वाटली. खर्चाची तोंडमिळवणी कशी होई, हें १९२४ च्या एका अंकावरून कळतें. त्यांत पेलिकन शाईच्या जाहिराती आहेत आणि त्यांची मांडणीही संपादकाचीच. हा मनुष्य जाहिरातींची रचना करून पोट भरी, पण आपल्या कवितेंतला शब्द दुसऱ्या कोणाला कापूं देत नसे. स्वतःच्या छोट्या प्रकाशनाचा खरा लाभ हाच असावा.

शेवटचा, म्हणजे चोविसावा, अंक केवळ ध्वनींच्या दीर्घ काव्याचा. त्यांत शब्द नाहींत, उच्चार आहेत. मंत्र अर्थहीन असतात हें कौत्साचें मत यास्कानें निरुक्तांत नोंदवून खोडून काढलें. मम्मटानेंही चित्रकाव्यास तिसऱ्याच पंक्तीस बसविलें. मी यास्काच्या पक्षाचा. तें काव्य मला रुचलें नाहीं, हें नातवालाही सांगितलें.

परंतु त्याच्या घराची हकीकत वाचून मी गप्प झालों. हें कुटुंब हानोव्हरला आईबापांसह एकाच घरांत राही. त्यांतील आपली कामाची खोली श्विटर्सनें लांकूड व प्लास्टर यांनीं आंतून बांधीत नेली. स्नेह्यांच्या वस्तु त्यांतील कोनाड्यांत ठेवल्या. एका खोलींतून तें काम दुसऱ्या खोल्यांत शिरलें. असा चिरंजीव घरांत नांदविणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको! नाझींनीं १९३७ सालीं म्युनिकला 'अधःपतित' कलेचें प्रदर्शन मांडलें, त्यांत याचींही चित्रें होतीं. तत्पूर्वींच, त्या वर्षाच्या जानेवारींत, तो नॉर्वेला गेला होता. मुलगाही तेथेंच होता. घरदार सांभाळण्यास पत्नी हेल्मा मागें राहिली. युद्ध सुरू होईपर्यंत ती जाऊनयेऊन असे. पुढें त्यांची भेट झाली नाहीं. १९४३ च्या ऑक्टोबरांत बॉम्बवर्षावांत तें घर, त्या खोल्यांसह, नष्ट झालें, आणि पुढच्याच वर्षीं हेल्मा वारली.

तो तोंवर इंग्लंडांत होता. १९४० सालीं शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला मॅन बेटावरील छावणींत ठेवलें, तर तेथें उरलेल्या लापशीचे पुतळे केले. त्यांना बुरशी येऊन दुर्गंधी सुटली! सुटकेनंतर बसचीं तिकिटें व मिठाईचे कागद होतेच. शेवटीं एका खेड्याजवळच्या दगडी कोठारांत त्यानें नवी भिंत घडविण्यास आरंभ केला. ती अपुरी असतांनाच, ८ जानेवारी १९४८ रोजीं, तो वारला. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची वार्ता आदल्याच दिवशीं आली होती. ती भिंत १९६५ सालीं न्यूकॅसलच्या कलासंग्रहांत हलविण्यांत आली.

आमच्या नातवाची दुसरी वही आतां सिद्ध होत आहे. मुखपृष्ठांसाठीं त्याला जुन्या मनिऑर्डरींच्या पावत्या पाहिजे आहेत. माझ्या वडिलांनीं जपलेल्या पावत्यांचा एक गठ्ठा माळ्यावर आहे. तो कातरीखालीं द्यावा कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष पडले असून निर्णय अद्याप लागलेला नाहीं. मुद्रितें मात्र मीं तपासून देण्याचें कबूल केलें आहे.