काळी ब्यूक आणि पाव मैल

१९८०च्या दशकातल्या अमेरिकेत ब्यूक ही निवृत्तीला टेकलेल्या गृहस्थांची गाडी समजली जाई. मऊ सीट, चौकोनी अंग, ऑटोमॅटिक गिअर आणि रविवारी चर्चला जाऊन येण्यापुरता वेग. याच कंपनीच्या रीगल या मॉडेलची एक आवृत्ती मात्र नखशिखांत काळी निघाली. ग्रिल काळी, बंपर काळे. क्रोम दिसलेच तर चाकांवर. नाव ‘ग्रँड नॅशनल’. बॉनेटखाली सिलिंडर सहाच, पण सोबत टर्बो. ब्यूक ज्या जनरल मोटर्सची, तिच्या घरातली लाडकी लेक म्हणजे आठ सिलिंडरची शेवरोले कॉर्व्हेट. १९८७ साली कॉर्व्हेटची ताकद कागदोपत्री २४० अश्वशक्ती होती आणि या काळ्या गाडीची २४५.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या रीगलचे ते शेवटचे वर्ष. निरोपाची गाडी म्हणून कंपनीने एएससी-मॅकलारेनकडून ५४७ खास गाड्या तयार करून घेतल्या. त्यांचे नाव ‘जीएनएक्स’, किंमत २९,२९० डॉलर, जाहीर ताकद २७६ अश्वशक्ती. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने ती धावपट्टीवर नेली तेव्हा शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग तिने ४.७ सेकंदांत गाठला आणि पाव मैल १३.५ सेकंदांत कापला. रेषा ओलांडताना वेग होता ताशी १०२ मैल, म्हणजे सुमारे १६४ किलोमीटर.

या शेवटच्या वेगाने कंपनीचे बिंग फोडले. ते कसे, हे समजायला ड्रॅग स्ट्रिप म्हणजे काय ते आधी पाहायला हवे.

सरळ डांबरी किंवा काँक्रीटची पट्टी, लांबी १,३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर. त्यापुढे थांबायला मोकळी जागा. वळण नाही, चढ नाही. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली ती रस्त्यांवर चाललेल्या शर्यती अशा बंदिस्त जागी आणण्यासाठी. १९६३पासून सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा खांब उभा राहिला, त्याला सगळे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. पिवळे दिवे, मग हिरवा. गंमत अशी की गाडीचे घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचे चाक प्रकाशाची तिरीप सोडते तेव्हा ते सुरू होते. हिरवा दिवा लागल्यावर चालक दोन सेकंद जांभई देत बसला तर तो शर्यत हरेल, पण त्याच्या वेळेत फरक पडणार नाही. चालकाची चपळाई आणि गाडीची धाव यांचे हिशेब इतके स्वच्छ वेगळे ठेवणारा मोटारींचा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

धाव संपली की एक चिठ्ठी हातात पडते. तिच्यावर ६० फूट, ३३० फूट, एक अष्टमांश मैल, १,००० फूट आणि पाव मैल अशा टप्प्यांच्या वेळा असतात. अष्टमांश आणि पाव मैलापाशी वेगही असतो. अनुभवी माणूस आधी शेवटचा वेग पाहतो. पट्टीच्या शेवटच्या ६६ फुटांत मोजलेला हा वेग टायर घसरल्याने किंवा चालक अडखळल्याने फारसा हलत नाही. तो जवळजवळ सगळा वजन आणि ताकद यांवरच ठरतो. एकूण वेळ मात्र सुरुवात कशी झाली त्यावर फार अवलंबून असते. म्हणून वेग इंजिनाबद्दल सांगतो आणि वेळ बाकी सगळ्याबद्दल.

त्यासाठी एक जुने ढोबळ सूत्र आहे: अश्वशक्तीला पौंडांतल्या वजनाने भागा, घनमूळ काढा, २३४ने गुणा, की ताशी मैलांत वेग मिळतो. जीएनएक्सचे वजन चालकासह साधारण ३,७०० पौंड धरले, तर २७६ अश्वशक्तीवर वेग ९९ मैलांच्या आत यायला हवा. मासिकाला मिळाला १०२. उलटा हिशेब केला तर ताकद निघते ३००च्या वर. ब्यूकने आकडा कमी सांगितला होता. कॉर्व्हेटच्या मानासाठी की विमा कंपन्यांच्या नजरेपासून वाचण्यासाठी, यावर आजही वाद झडतात. मला त्यापेक्षा चिठ्ठीचे कौतुक जास्त वाटते. कंपन्या ताकद फुगवून सांगतात हे आपण गृहीतच धरतो. इथे उलटी लबाडी होती, तीही तिने पकडली.

हे इंजिन मुळात गरिबाघरचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्यूकने स्वस्तातले इंजिन हवे म्हणून आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या रचनेतून दोन कमी करून हे सहाचे बनवले. ते खडखडत चाले, कारण आठाच्या कोनात सहा बसवल्याने स्फोटांमधले अंतर सारखे राहत नसे. १९६७मध्ये कंपनीने त्याची यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैसरला विकून टाकली. मग १९७३चे तेलसंकट आले, लहान इंजिनांची निकड भासली आणि १९७४ साली जनरल मोटर्सने तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली. १९७७मध्ये क्रँकशाफ्ट बदलून खडखड घालवली, १९७८मध्ये टर्बो लावला, १९८४मध्ये संगणकाने चालणारे फ्युएल इंजेक्शन दिले आणि १९८६मध्ये इंटरकूलर. विकून टाकलेल्या इंजिनाची ही दुसरी खेळी.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरणारा पंखा, जो दुसऱ्या बाजूने हवा दाबून इंजिनात कोंबतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर आणखी १५ पीएसआयचा बूस्ट दिला तर सिलिंडरबाहेरचा दाब दुपटीवर जातो. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर. पण अडचण ही की पंखा फिरायला वायू लागतो आणि वायूला इंजिन आधी जोरात चालावे लागते. उभ्या गाडीत बूस्ट नसतो. ड्रॅग स्ट्रिपवर तर सगळा खेळ उभ्या गाडीपासूनच सुरू होतो.

इथे म्हाताऱ्यांसाठी दिलेला ऑटोमॅटिक गिअर कामी आला. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, उजव्याने ॲक्सिलरेटर. टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल घुसळत राहते, इंजिनावर भार येतो, वायू वाढतो आणि गाडी जागची न हलता बूस्टची सुई चढू लागते. जास्त चढवली तर मागची चाके ब्रेकला न जुमानता फिरू लागतात. कमी ठेवली तर गाडी रेंगाळते. हिरव्याआधीच्या क्षणी ब्रेक सोडायचा. पुढे गिअर बदलतानाही पाय उचलावा लागत नाही, त्यामुळे बूस्ट पडत नाही. पहिल्या ६० फुटांत वाचवलेला दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीडपट होऊन मिळतो. म्हणून नवशिका मोठा टर्बो विकत घेतो आणि मुरलेला आधी टायर.

ग्रँड नॅशनलला हात लावणाऱ्यांनी सुरुवात मात्र चिपपासून केली. गाडीच्या संगणकातली इंधन आणि ठिणगीची कोष्टके एका काढता येण्याजोग्या चिपवर होती. ती बदलली, बूस्टला आवर घालणाऱ्या वेस्टगेटचा दांडा थोडा आवळून बूस्ट वाढवला, रुंद एक्झॉस्ट घातला, की स्लिक टायरवर गाडी १२ सेकंदांच्या घरात येई. पण तो संगणक आठ बिटांचा. आत येणारी हवा तो सेकंदाला २५५ ग्रॅमपर्यंतच मोजू शके. त्यापुढे कितीही हवा आली तरी आकडा २५५वरच अडकलेला. तिथून पुढे इंधन किती द्यायचे हे चिप लिहिणाऱ्याने आधीच अंदाजाने भरून ठेवायचे. अंदाज चुकून इंधन कमी पडले, तर मिश्रण वेळेआधी पेटते, नॉकिंग सुरू होते आणि हेड गॅस्केट जाते. इंधन कमी पडण्याचे कारण पुष्कळदा फारच क्षुल्लक निघे: पंपाची मूळ वायर बारीक, पूर्ण भारावर व्होल्टेज पडायचे. जाड वायर आणि रिले हा सुधारणांच्या यादीतला सगळ्यात स्वस्त भाग, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा.

यापुढचा हिशेब निर्दय आहे, कारण सूत्रात घनमूळ बसले आहे. ताकद दुप्पट केली तरी वेळ फक्त एक पंचमांशाने घटते: १३.५ सेकंदांची गाडी १०.७वर येते. पहिला सेकंद चिप आणि एक्झॉस्टच्या पैशांत मिळतो, पुढच्या सेकंदाला इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल लागतो. ज्यांना हा नाद होता त्यांनी जीएनएक्सच्या वाटेला जायचे टाळले. त्या बऱ्याचशा संग्राहकांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवल्या गेल्या. पट्टीवरच्या जाणकारांची नजर १९८७च्या ‘डब्ल्यूई४’ या साध्या दिसणाऱ्या, थोड्या हलक्या टर्बो रीगलवर असे. तशा १,५४७ बनल्या.

महाराष्ट्रात हा नाद उशिरा आणि वेगळ्या गाड्यांतून आला. औरंगाबादेत जुळणी होणाऱ्या स्कोडा ऑक्टेव्हियाची टर्बो पेट्रोल आवृत्ती आणि २०१३मध्ये आलेली चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय यांनी पुण्या-मुंबईच्या पोरांना ‘रीमॅप’, ‘स्टेज वन’, ‘डाउनपाइप’ हे शब्द शिकवले. चिप उपटायची गरज उरली नाही, लॅपटॉप लावला की झाले. कायमची ड्रॅग स्ट्रिप इथे नाही म्हणून लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होत आल्या आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला शिक्षा सांगते. तरी रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर हेच करणारे आहेतच. तिथे चिठ्ठी मिळत नाही, त्यामुळे जिंकल्याच्या बढाया खूप आणि आकडा एकही नाही.

केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला बीच बेंडच्या पट्टीवर ब्यूकवाल्यांचा मेळा भरत आला आहे. नंबरप्लेट लावून, एसी चालू ठेवून लांबून आलेल्या गाड्या तिथे दिवसा धावतात आणि संध्याकाळी त्याच गाडीने लोक जेवायला जातात. अशा जुन्या गाड्यांना नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचा नियम आडवा येतो: ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद धावलात तर रोल बार हवा, ९.९९ला पूर्ण पिंजरा आणि चालकाचा परवाना. बार किंवा पिंजरा बसला की मागच्या सीटवर मुले बसत नाहीत, घरची गाडी शर्यतीची होते. म्हणून काही जण १,००० फुटांपाशी पाय उचलतात, वेळ ११.५च्या वर ठेवतात आणि निष्पाप चेहऱ्याने परत येतात. पण अष्टमांश मैलाची वेळ आणि वेग त्या चिठ्ठीवर छापलेलेच असतात, आणि पट्टीवरचा अधिकारी आधी तेच वाचतो.