पोलादी दांड्याचे पाय

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथील विमानतळाला ज्यांचे नाव दिलेले आहे, ते स्टीव्ह विटमन शर्यतीची विमाने स्वतः बांधीत आणि स्वतःच उडवीत. सांधे, रबरी दोर व तेलाचे दट्टे यांच्या जंजाळात अडकलेले पाय बाजूला सारून त्यांनी केवळ एक लवचिक पोलादी पट्टी हाच विमानाचा पाय केला. आणि सेस्ना कंपनीने या रचनेचे हक्क घेऊन १९४६ साली बाजारात आलेल्या आपल्या १२० व १४० या विमानांना ती बसवली. पुढे पट्टीच्या जागी निमुळता दांडाही विटमन यांनीच आणला. घरी विमान बांधणाऱ्यांवर याहून मोठे उपकार क्वचितच कोणी केले असतील.

विमान टेकताच हे दांडे वाकतात, चाके बाजूंना फाकतात, टायर धावपट्टीवर घासतात आणि आघाताचा काही अंश त्या घर्षणात जिरतो. उरलेला अंश दांडा परत करतो, म्हणूनच बेतालपणे उतरवलेले विमान उसळी घेते.

रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आर.व्ही.-४ व आर.व्ही.-६ या विमानांत दांड्याचे वरचे टोक, इंजिन ज्यावर तोललेले असते त्या पोलादी सांगाड्यातील नळीत शिरते आणि आरपार घातलेला बोल्ट त्यास जखडतो. बांधणाऱ्याची खरी कसोटी या बोल्टाच्या छिद्रात आहे. ते केसभर जरी सैल राहिले, तरी प्रत्येक अवतरणाच्या धक्क्याने दांडा नळीत किंचित फिरतो, छिद्र लंबगोल होत जाते आणि चाकाची दिशा ढळते. म्हणून छिद्र आधी थोडे लहान पाडून, मग तेल घालीत रीमरने सावकाश मापात आणावे लागते. जास्त कापले गेलेले पोलाद पुन्हा भरता येत नाही, हे ध्यानी ठेवून येथे घाई टाळावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मग येते चाकांची सरळ रेषा. शेपटीला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने धावताना एकदा दिशा बिघडली की शेपूट पुढे येऊ पाहते. ते टाळण्यासाठी नाक व शेपूट येथून ओळंबे सोडून जमिनीवर खडूची मध्यरेषा आखतात, तिच्याशी दोन्ही चाकांची दिशा ताडून पाहतात आणि चूक दिसेल तेथे आसाच्या बुडाशी पाचरीसारख्या पातळ चकत्या घालतात. शेपूट उचललेले असताना मोजलेला कोन ते टेकल्यावर तसाच राहत नाही, याचे भान मोजणाराने ठेवलेच पाहिजे.

या दांड्यांना धावताना थरथर सुटण्याची खोड असते. ती आवरण्यासाठी पुष्कळजण त्यांच्या पाठीला कठीण लाकडाची पट्टी लावून ती काचतंतूच्या कापडाने व राळेने पक्की करतात. दांड्यावर ओरखडाही राहू देऊ नये, कारण गंज आणि तडा यांचा आरंभ तेथूनच होतो.

अमेरिकेच्या कायद्यात विमानाचा बहुतांश भाग स्वहस्ते बांधणारास त्या विमानापुरता दुरुस्तीकाराचा दाखला मिळू शकतो. मग वर्षातून एकदा ते बोल्ट, ती छिद्रे आणि ते दांडे तपासून नोंदवहीत सही करण्याची जबाबदारी तोच पार पाडू शकतो.